मिसरीचा डबा आणि सहाव्या वर्षाची दाढ

सातारा आणि सांगली हे दोन्ही जिल्हे कृष्णाकाठचे. उसाचे मळे, सहकारी साखर कारखाने, तासगावचा बेदाणा आणि साताऱ्याचा कंदी पेढा यांमुळे त्यांचे नाव महाराष्ट्रभर झालेले आहे. गोड पिकवणाऱ्या या मुलखात माणसाच्या दातांची अवस्था काय आहे, हा प्रश्न मात्र सार्वजनिक चर्चेत क्वचितच येतो. दात दुखणे हा आजार आहे असे मुळात मानलेच जात नाही. लवंगेच्या तेलाचा बोळा ठेवावा, दुसऱ्या बाजूने चावावे आणि ठणका असह्य झाला की दाढ उपटून मोकळे व्हावे, अशी आपली सर्वसाधारण रीत आहे. जगातील सुमारे ३५० कोटी माणसांना तोंडाचा कोणता ना कोणता विकार असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये सांगितले. तेव्हा ही उदासीनता केवळ कृष्णाकाठची आहे असे नव्हे. पण कृष्णाकाठी तिला एक खास सोबतीण लाभली आहे, आणि ती म्हणजे मिसरी.

कोणी तिला मशेरी म्हणते, कोणी मिश्री. तव्यावर तंबाखूची पाने काळी होईपर्यंत भाजायची, चुरून पूड करायची, डब्यात भरून ठेवायची आणि सकाळी बोटाने दातांवर व हिरड्यांवर घासायची, हा क्रम पश्चिम महाराष्ट्रातील असंख्य घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे. विडी ओढणाऱ्या सुनेला कोणतेही घर खपवून घेणार नाही. पण मिसरी लावणाऱ्या सुनेकडे कोणी वळूनही पाहत नाही, कारण ती ‘दात घासते’. व्यसनाला स्वच्छतेचे वस्त्र नेसवल्यावर ते किती निर्धास्तपणे घरात वावरू शकते, याचे याहून चांगले उदाहरण सापडणे कठीण. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू पाहणीत महाराष्ट्रातील १५ वर्षांवरील स्त्रियांपैकी धूम्रपान करणाऱ्या १.४ टक्के आढळल्या, तर बिनधुराची तंबाखू वापरणाऱ्या १६.६ टक्के. या दोन आकड्यांमधील अंतर समाजाच्या संमतीने निर्माण झालेले आहे.

मिसरीने दात घासले जातात हे खरे मानले, तरी दिवसातून एकदा घासण्याचे काम चार-पाच वेळा का करावे लागते, याचे उत्तर तंबाखूतील निकोटीनमध्ये आहे. हिरडीच्या नाजूक त्वचेतून ते झपाट्याने रक्तात शिरते. भूक मंदावते, थकवा काही काळ जाणवत नाही. म्हणूनच पहाटेपासून शेतात किंवा उसाच्या फडात राबणाऱ्या बाईला तिचा आधार वाटतो. हा आधार पुढे महागात पडतो. हिरड्या मागे सरकतात, दातांची मुळे उघडी पडतात, गालाच्या आतल्या बाजूस पांढरे चट्टे उमटतात आणि त्यांतील काही चट्टे कर्करोगाकडे वळतात. गरोदरपणी बिनधुराची तंबाखू घेणाऱ्या स्त्रियांची बाळे कमी वजनाची जन्मतात, हेही संशोधनातून पुढे आलेले आहे. दाढदुखी थांबावी म्हणून सुरू झालेली मिसरी पुढच्या पिढीच्या वजनाच्या काट्यापर्यंत पोहोचते ती अशी.

कायदा याबाबतीत मुका आहे असे नाही. तंबाखूयुक्त दंतमंजनाचे उत्पादन व विक्री यांवर केंद्र सरकारने १९९२ मध्ये औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखाली बंदी घातली आणि सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये ती उचलून धरली. पुढे २००३ मध्ये तंबाखू नियंत्रणाचा स्वतंत्र कायदा झाला, तेव्हा नियमन करावयाच्या पदार्थांच्या अनुसूचीत ‘तंबाखूयुक्त दंतमंजन’ हाही शब्दप्रयोग येऊन बसला. जे विकायचेच नाही, त्याच्या वेष्टनावर इशारा छापण्याची तरतूद कशासाठी, असा प्रश्न एखाद्या चौकस विद्यार्थ्याने विचारला तर नागरिकशास्त्राच्या शिक्षकाची पंचाईत व्हावी! आणि घरच्या तव्यावर भाजलेल्या पानाला तर यांपैकी कोणताच कायदा स्पर्श करू शकत नाही. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्याला बंदी आहे. तिच्या अंमलाची कथा सर्वांना ठाऊक असल्याने तिचा विस्तार येथे नको. एवढेच ध्यानात ठेवावे की, गुटख्यातून तंबाखू वगळली तरी नुसती सुपारीही निरुपद्रवी ठरत नाही. ती सतत चघळणाऱ्या तरुणांचे गाल आतून ताठर होतात, आणि पुढे तोंडात दोन बोटेही शिरत नाहीत.

आता साखरेकडे वळू. दात किडतो म्हणजे त्यात खरोखर कीड शिरते, ही समजूत आजही पुष्कळांची आहे. दातात कसलाही किडा नसतो. तोंडातील सूक्ष्म जंतू साखरेपासून आम्ल तयार करतात आणि ते आम्ल दातावरील कठीण कवच विरघळवते, हे मिलर या संशोधकाने १८९० च्या सुमारास मांडले. नंतर लाळ त्या आम्लाचा प्रभाव हळूहळू ओसरवते आणि झालेली झीज थोडीफार भरूनही काढते. म्हणजे हा प्रश्न केवळ साखरेच्या प्रमाणाचा नाही. लाळेला तिचे काम करण्यास उसंत मिळते की नाही, याचाही आहे. स्वीडनमधील व्हिपेहोल्म येथील मनोरुग्णांच्या संस्थेत १९४५ नंतर काही वर्षे याच मुद्द्यावर प्रयोग झाले. असहाय रुग्णांना मुद्दाम चिकट मिठाई चारणारा तो प्रयोग आज कोणीही निंद्यच ठरवील; पण त्याचा निष्कर्ष टिकून आहे. जेवणाबरोबर खाल्लेल्या साखरेपेक्षा दोन जेवणांच्या मधे वारंवार खाल्लेला चिकट गोड पदार्थ दातांचा अधिक घात करतो.

हा निष्कर्ष आपल्याकडे लावून पाहावा. सणाच्या पानावरचा कंदी पेढा दातांचा मोठा वैरी नव्हे. वैरी आहे तो शाळेच्या दप्तरातील गोळ्यांचा पुडा, कचेरीत दर दोन तासांनी येणारा गोड चहा आणि दाढेच्या खाचेत तासन्‌तास अडकून राहणारा बेदाणा. गूळ साखरेहून सात्त्विक असल्याने तो दातांना चालतो, हीही एक भाबडी समजूत. जंतूंना हा भेद कळत नाही.

परंतु सर्वांत मोठी हानी होते ती एका साध्या अज्ञानामुळे. मूल सुमारे सहा वर्षांचे झाले की दुधाच्या दाढांच्या मागे एक नवी दाढ उगवते. तिच्यासाठी कोणताही दात पडत नाही, त्यामुळे ती कधी आली हे घरात कोणाला कळतही नाही. ही दाढ कायमची असते, जन्मभर पुरवायची असते. ती किडली की ‘दुधाचीच आहे, पडेल’ असे म्हणून पालक स्वस्थ बसतात आणि तिसरी-चौथीत पोहोचेपर्यंत ती काढून टाकण्याची वेळ येते. मूल पहिलीच्या वर्गात पाऊल टाकते त्याच सुमारास ही दाढ येते, म्हणून तिचे रक्षण करण्याची संधी पालकांइतकीच प्राथमिक शिक्षकालाही आहे. पालकसभेत पाच मिनिटे या दाढेविषयी बोलण्यास कोणत्याही परिपत्रकाची गरज नाही.

बाकी पथ्य सोपे आहे. फ्लोराइडयुक्त पेस्टने दिवसातून दोनदा, विशेषतः रात्री निजण्यापूर्वी, मऊ ब्रशने दात घासावेत. सहा वर्षांखालील मुलांना पेस्ट वाटाण्याएवढीच द्यावी. राखुंडी, विटेची पूड आणि कोळसा यांनी दात पांढरे दिसतात ते झिजल्यामुळे. हिरडीतून रक्त येते तेथे घासणे सोडून देणे ही उलटी चाल आहे. रक्त येते ते साचलेल्या थरामुळे. दात साफ करून घेतल्याने ते सैल होतात आणि वरची दाढ काढल्याने डोळे जातात, या दोन्ही भीती निराधार आहेत. तोंडातील जखम किंवा चट्टा दोन-तीन आठवड्यांत बरा झाला नाही तर, तो दुखत नसला तरी, तपासून घेतलाच पाहिजे. न दुखणारा चट्टा अधिक घातक, हे गावोगाव पुन्हा पुन्हा सांगावे लागेल.

हे तपासायचे कोठे, हा यापुढचा प्रश्न. कराड आणि सांगली येथे दंतमहाविद्यालये आहेत, दोन्ही जिल्ह्यांच्या शहरांत खासगी दवाखान्यांची वाण नाही. पण माण-खटाव किंवा जत-आटपाडीच्या माणसाला तेथे येण्यासाठी एक दिवसाची मजुरी बुडवावी लागते, आणि गावाजवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात दंतवैद्य सहसा नसतो. शाळकरी मुलांच्या तपासणीसाठी २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे आणि त्यात दातांचाही समावेश आहे. तथापि किडलेली दाढ वहीत नोंदवणे वेगळे आणि ती भरणे वेगळे. वर्गात नोंद झालेल्या प्रत्येक मुलाला जवळच्या दंतमहाविद्यालयाच्या शिबिराची तारीख देता येणे अशक्य नाही. त्या महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांना हात बसण्यासाठी रुग्ण हवेच असतात. अशी शिबिरे गळिताच्या हंगामात कारखान्यांच्या परिसरात भरली तर बीडकडून आलेल्या ऊसतोड कुटुंबांनाही त्यांचा लाभ मिळेल. मुलाबरोबर आईचेही तोंड त्याच वेळी पाहावे, आणि मिसरी लावता का, हा प्रश्न तिला रागावून न विचारता विचारावा. शाळेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखू विकण्यास २००३ च्या कायद्याने मनाई आहे. आठवडे बाजाराच्या दिवशी हे अंतर मोजण्याचे काम ग्रामपंचायतीने करावे आणि पंचनाम्याची प्रत मुख्याध्यापकांकडे द्यावी.