'आम्ही कळवतो' म्हणाले, पण कळवलंच नाही

जूनमध्ये एक पालक धाकट्या मुलाचा दाखला मागायला शाळेत आले. मुलगा नववी पास, गणितात चांगला. कारण विचारलं तर म्हणाले, "सर, मोठा बी.कॉम. होऊन दीड वर्ष घरी बसलाय. पढ के क्या मिला? याला गॅरेजवर टाकतो." आम्ही दाखला दिला नाही. म्हटलं, आधी मोठ्याला घेऊन या.

मोठा आला. चाळीसेक अर्ज, चार मुलाखती, आणि चारही ठिकाणी एकच वाक्य, "आम्ही कळवतो." नंतर फोन नाही, मेल नाही. तो एक दिवस म्हणतो, "नाव बघूनच काढतात." दुसऱ्या दिवशी म्हणतो, "माझ्यातच काही नाही." आपल्या मोहल्ल्यातली कितीतरी मुलं या दोन वाक्यांमध्ये अडकून पडली आहेत. म्हणून दोन्ही वाक्यं नीट तपासायला हवीत.

पहिलं वाक्य खोटं नाही. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांचा अभ्यास 2007 मध्ये प्रसिद्ध झाला. खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज वेगवेगळ्या नावांनी पाठवले गेले. उच्चवर्णीय हिंदू नावाची संधी 1 धरली, तर दलित नावाची 0.67 आणि मुस्लिम नावाची 0.33 निघाली. पुढे 2022 मध्ये लेडबाय फाउंडेशनने 1000 नोकऱ्यांसाठी एकच बायोडाटा दोन नावांनी पाठवला. प्रियंका शर्मा या नावाला 208 ठिकाणांहून होकारार्थी उत्तर आलं, हबीबा अली या नावाला 103 ठिकाणांहून.

म्हणजे भेदभाव आहे, आणि मुलांना "तुझा वहम आहे" असं सांगणं बरोबर नाही. पण हेच आकडे दुसऱ्या बाजूनेही वाचा. प्रियंकालाही 792 ठिकाणांहून होकार आला नाही. नोकरीच्या बाजारात गप्प बसणं हाच रिवाज आहे, आणि प्रत्येक गप्प बसण्यामागे आपलं नाव नसतं. शिवाय हबीबाचे होकार 103 आहेत, शून्य नाहीत. जिथे दुसऱ्याला पन्नास अर्ज पुरतात तिथे आपल्या मुलाला शंभर करावे लागतील. हा अन्याय आहेच. पण चाळीस अर्जांवर हार मानली तर त्या अन्यायाचं काम आपणच पूर्ण करून देतो.

आता दुसरं वाक्य. आम्ही त्या मुलाला एक वही करायला सांगितली. तारीख, कंपनी, काम काय, कुठपर्यंत पोहोचलो, काय विचारलं. अर्जावरच नकार आला तर कारण कळत नाही, त्यावर रात्रभर विचार करून उपयोग नाही. मुलाखतीनंतर नकार आला तर मात्र शिकण्यासारखं काहीतरी सापडतं. वही भरली तेव्हा दिसलं, चारपैकी तीन ठिकाणी टॅली आणि जीएसटी रिटर्नबद्दल विचारलं होतं. त्याला पुस्तकातलं अकाउंट्स येत होतं, कॉम्प्युटरवरचं नाही. शिवाय उर्दू माध्यमातून आल्यामुळे मराठीत चार वाक्यं बोलताना तो अडखळत होता. दोन्ही गोष्टी काही महिन्यांत सुधारण्यासारख्या आहेत. 'मी नालायक आहे' आणि 'मला टॅली येत नाही' यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

घरच्यांनाही सांगायचंय. रोज संध्याकाळी "झालं का काही?" विचारू नका. शेजारच्या मुलाचा पगार जेवताना काढू नका. "नसीब में नहीं था" म्हणून विषयही संपवू नका. सब्र म्हणजे हात बांधून बसणं नव्हे. मिळेल ते छोटं काम करत अर्ज चालू ठेवण्यात कमीपणा नाही. रिकामा दिवस माणसाला जास्त मायूस करतो. मूल बोलेनासं झालं, झोप-जेवण सुटलं, तर वेळीच डॉक्टरांना दाखवा. त्यात शरम कसली?

पण सगळा भार मुलांवरच टाकून चालणार नाही. संविधानाचं कलम 16 सरकारी नोकरीत धर्मावरून भेदभाव करायला मनाई करतं. खासगी नोकरभरतीत असा भेदभाव रोखणारा स्वतंत्र कायदा आपल्याकडे नाही. सच्चर समितीने 2006 मध्येच समान संधी आयोगाची शिफारस केली होती. तो आयोग अजून झालेला नाही. निवडणुकीत मत मागायला येणाऱ्या प्रत्येकाला हा सवाल विचारला पाहिजे. मोहल्ल्यात जे नोकरीला लागलेत, त्यांनीही महिन्यातून एक रविवार या मुलांची सराव मुलाखत घ्यावी. त्याला पैसे लागत नाहीत.

मोठ्याला अजून नोकरी लागलेली नाही. टॅलीचा क्लास चालू आहे आणि वहीत अर्ज क्रमांक 57 आहे. धाकटा दहावीच्या वर्गात बसतो. एका भावाला नकार मिळाला म्हणून दुसऱ्याची शाळा सुटू द्यायची नाही, एवढं तरी आपल्या हातात आहे.