एक अख्खं मॅकरॉन स्वतःसाठी

मोठ्या शहरात जायचं ठरलं की आपली बॅग भरायच्या आधी दुसऱ्यांची यादी तयार होते. पुण्याला निघालात? बाकरवडी आणा. मुंबईला? माहीमचा हलवा आणा. नागपूरला? संत्रा बर्फी विसरू नका हं! आता आपल्यासारख्या तालुक्याच्या गावांतूनही बायका युरोपच्या सहलीला जाऊ लागल्या आहेत. साहजिकच यादीत एक नवं नाव आलंय, पॅरिसचं मॅकरॉन. भाचीनं मोबाइलवर ती गुलाबी, पिस्ता, जांभळ्या रंगाची गोल गोल गंमत पाहिलेली असते. ‘काकू, येताना एक मोठा बॉक्स!’ असं फर्मान सुटतं.

फर्मानाबद्दल माझी तक्रार नाही. लाडानं मागतात, आपणही हौसेनं आणतो. पण त्या बॉक्ससाठी पॅरिसमधला हक्काचा तास रांगेत घालवायचा, आणि खायची वेळ आली की तुटलेला तुकडा तेवढा आपण तोंडात टाकायचा, याला मात्र माझा विरोध आहे. मॅकरॉन खावं, जरूर खावं. पण रांग टाळून खावं, आणि पहिलं मॅकरॉन स्वतःसाठी घ्यावं. अख्खं!

आधी हे प्रकरण आहे तरी काय ते बघू. फ्रेंच लोक उच्चार करतात ‘मकारों’ असा काहीसा. बदामाची अगदी बारीक पूड, साखर आणि फेटलेला अंड्याचा पांढरा भाग, एवढ्याच जिनसा. मैदा नाही. अशा दोन चकत्यांच्या मध्ये चॉकलेटचं, लोण्याचं नाहीतर जॅमचं सारण. दिसायला क्रीमच्या बिस्किटाचं श्रीमंत भावंड. वरून पातळ कुरकुरीत पापुद्रा, आत मऊ आणि किंचित चिवट. जमवणं मात्र महाकठीण! पीठ जास्त ढवळलं तर पसरतं, कमी ढवळलं तर टोकं राहतात. हवा दमट असली की वरचा पापुद्रा नीट सुकत नाही आणि भट्टीत तडे जातात. पाक चुकला की आपले अनारसे कसे हसतात, तसंच म्हणा ना. मुंबईत ‘ले फिफ्टीन’ सुरू करणाऱ्या पूजा धिंग्रा पॅरिसला शिकून आल्या, तरी २०१० च्या सुमारास मुंबईच्या हवेत मॅकरॉन जमवताना त्यांनाही बरीच खटपट करावी लागली होती.

(अंडं अजिबात न चालणाऱ्या मैत्रिणींनी हा मोह सोडलेलाच बरा. काही सारणांत जिलेटिनही असतं, तेव्हा विचारून घ्या.)

या खाऊच्या गोष्टीत बायका फार आहेत. फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमीत नाँसी गावातला मठ बंद पडला आणि तिथल्या दोन जोगिणी रस्त्यावर आल्या. पोटासाठी त्यांनी बदामाची मॅकरॉन्स करून विकायला सुरुवात केली. ती साधीच असत, एकेरी, वरून तडकलेली, ना रंग ना सारण. पण लोक त्यांना ‘मॅकरॉनवाल्या भगिनी’ म्हणूनच ओळखू लागले आणि १९५२ मध्ये नाँसीतल्या एका रस्त्याला त्यांचं नाव मिळालं. घरच्या चुलीवर पापड-लोणची करून संसार सावरणाऱ्या आपल्याकडच्या बायकांची आठवण येते की नाही?

दुसरी गोष्ट पॅरिसची. १८६२ मध्ये रू रोयाल या रस्त्यावर लादुरे नावाची बेकरी निघाली. पुढे १८७१ च्या दंगलीत ती जळाली, मग तिथे मिठायांचं दुकान उभं राहिलं. त्या काळी पॅरिसच्या कॅफेंमध्ये पुरुषांचा राबता. घरंदाज बाईनं एकटीनं तिथं जाऊन बसणं बरं दिसत नसे. लादुरेंच्या घरातल्या झान सुशार यांना कल्पना सुचली ती मिठाईचं दुकान आणि कॅफे एकत्र करायची. त्यातून चहाघर निघालं. तिथं बायका मैत्रिणींसोबत, नाहीतर अगदी एकट्याही, बिनघोर बसू लागल्या. दोन चकत्या जोडून मध्ये सारण भरायची आजची तऱ्हा त्याच घराण्यातल्या पिएर देफाँतेन यांची असं सांगतात. ती आली विसाव्या शतकात.

म्हणजे बायकांना निवांत बसून खाता यावं म्हणून जिथं चहाघर निघालं, त्या शहरात जाऊन आपण काय करतो?

आमच्या सहलीतलं सांगते. आम्ही तिसाएक बायका होतो. पॅरिसमध्ये आमच्या वाट्याला मोकळा वेळ आला दीड तास. मॅनेजरनं घड्याळ दाखवून बजावलं, बस कोणासाठी थांबणार नाही. एका नामांकित दुकानासमोर ही रांग! तरी आमच्यातल्या निम्म्याजणी जाऊन उभ्या राहिल्या. ‘एवढे लोक उभे आहेत म्हणजे चांगलंच असणार,’ असं त्यांचं म्हणणं. बोटांवर हिशेब चालू होता, जावेला एक, विहीणबाईंना एक, मुलाच्या साहेबांना एक. दीड तासातला सव्वा तास तिथंच गेला. बसमध्ये एकीनं बॉक्स उघडून पाहिला, तर दोन मॅकरॉन्सना धक्का लागलेला. ती लगेच म्हणाली, ‘असू दे, ही तुटलेली मी खाते. चांगली पोरांना राहू देत.’ तिनं पॅरिसचं मॅकरॉन खाल्लं ते असं, चालत्या बसमध्ये, चुऱ्यासकट.

कुणी हसलं नाही. सगळ्यांनाच ते ओळखीचं होतं. करपलेली पोळी आपली, भांड्याच्या तळाची आमटी आपली, फुटलेला लाडू आपला. घरात हे इतकं अंगवळणी पडलंय की सात समुद्र ओलांडले तरी सुटत नाही.

मी त्या रांगेत गेले नाही. माझ्याबरोबर आमच्या गटातल्या सत्तरीच्या एक मावशी होत्या. त्यांचे गुडघे दुखत होते, त्यामुळे उभं राहणं शक्यच नव्हतं. आम्ही मुख्य रस्ता सोडून मागच्या गल्लीत शिरलो. तिथं एक छोटंसं दुकान होतं. आत गिऱ्हाइकं दोन, तीही आसपासचीच दिसत होती. कॉफीचं, पिस्त्याचं, रासबेरीचं आणि खारट कॅरॅमलचं, अशी चार घेतली. किंमत ऐकून मावशी म्हणाल्या, ‘अगं, एवढ्यात अर्धा किलो पेढे आले असते!’ मग बाकावर बसून त्यांनी पिस्त्याचं मॅकरॉन दोन बोटांत धरलं आणि अगदी सावकाश, चार घासांत खाल्लं. नंतर बराच वेळ बोलल्या नाहीत. शेवटी म्हणाल्या, ‘कॉफीचंही मलाच दे.’

आता रांगेविषयी. रांग लांब असली की माल उत्तम, असं आपण धरून चालतो. पण रांगेची कारणं बरीच असतात. दुकान पर्यटकांच्या रस्त्यावर असतं, गाइडच्या पुस्तकात त्याचं नाव असतं, सिनेमात झळकलेलं असतं. २००६ च्या ‘मारी आंत्वानेत’ सिनेमात लादुरेची मिठाई दिसली आणि राणी म्हटलं की मॅकरॉन असं समीकरणच झालं. खरं तर सारण भरलेलं आजचं मॅकरॉन त्या राणीच्या नशिबातच नव्हतं. ते निघायच्या शंभरावर वर्षं आधी ती गेली! शिवाय रांगेला रांग लागते. चार माणसं उभी दिसली की पाचवं काय मिळतंय ते न विचारता मागे उभं राहतं. रॉकेलच्या काळात आपण हे पुरेपूर केलंय.

मोठी नावं खोटी आहेत असं मात्र मी म्हणणार नाही. अल्सासमधल्या बेकरी घराण्यात जन्मलेले पिएर एर्मे चौदाव्या वर्षापासून हे काम शिकले. १९९८ मध्ये पहिलं दुकान काढलं ते तोक्योत, मग २००१ मध्ये पॅरिसला रू बोनापार्तवर. गुलाब, लिची आणि रासबेरी एकत्र आणणारी त्यांची ‘इस्फहान’ चव जगभर गाजली. गुलकंद खाल्लेल्या आपल्या जिभेला ती लगेच पटेल. सदाहारू आओकी या जपानी कारागिरानं पॅरिसमध्ये काळ्या तिळाचं मॅकरॉन लोकप्रिय केलं. संक्रांतीचे तीळ तिकडेही मानाने मिरवतात बरं का! तेव्हा नावाचं खायचं असेल तर खुशाल खा. फक्त सर्वांत लांब रांगेच्या दारातूनच आत शिरलं पाहिजे असं नाही.

त्यासाठी काही साध्या गोष्टी. मोठ्या नावांच्या बहुतेक दुकानांत माल मध्यवर्ती कारखान्यातून येतो, त्यामुळे शाँझेलिझेसारख्या गजबजलेल्या रस्त्यावरच्या शाखेत जे मिळतं तेच शांत भागातल्या शाखेतही मिळतं. गॅलरी लाफायेतसारख्या मोठ्या दुकानांतही नामवंतांचे काउंटर असतात, आणि सहलीची बस बहुधा तिथं थांबतेच. जायचं तर आठवड्याच्या मधल्या वारी, सकाळी दुकान उघडल्या उघडल्या. शनिवारची दुपार आणि नाताळच्या आधीचे दिवस टाळावेत. छोटी दुकानं बऱ्याचदा सोमवारी बंद असतात, ऑगस्टमध्ये तर कित्येकांना सुट्टीच. काही ठिकाणी बसून खाणाऱ्यांची आणि बांधून नेणाऱ्यांची रांग वेगळी असते, तेव्हा उभं राहण्याआधी विचारावं. आणि आत शिरताना ‘बोंझूर’ म्हणायला विसरू नका. न बोलता एकदम बोट दाखवलं की त्यांना ते उद्धट वाटतं.

मग घरच्यांच्या बॉक्सचं काय? ते विमानतळावर घ्यावेत. शार्ल द गॉल विमानतळावर मॅकरॉनची दुकानं आहेत. मॅकरॉन तीन-चार दिवसांतच खाल्लेलं बरं, त्यामुळे सहलीच्या मध्यावर घेतलेले बॉक्स घरी पोचेपर्यंत शिळे होतात. निघताना घेतले तर ताजे राहतात आणि बसमध्ये आदळतही नाहीत. बॉक्स हातातल्या पिशवीत ठेवा. घरी आल्यावर फ्रीजमध्ये ठेवा आणि खायच्या थोडं आधी बाहेर काढा. गार असताना चव कळत नाही.

चांगलं कसं ओळखायचं? वरचा भाग गुळगुळीत, तडा नसलेला. खालच्या कडेला बारीक झालर, सगळीकडून सारखी. सारण कडेपर्यंत आलेलं. चावल्यावर आत पोकळी नको. आणि पिस्त्याचं म्हटलं तर पिस्ताच लागला पाहिजे, नुसती साखर नव्हे. एका मॅकरॉनला मोठ्या दुकानात अडीच-तीन युरो, म्हणजे आपले अडीच-तीनशे रुपये पडतात. एवढे पैसे मोजल्यावर पारख करायचा पूर्ण अधिकार आपला.

कुणी म्हणेल, पॅरिसला जाणाऱ्या अशा कितीजणी? खरंय. पण मला वाटतं हे पॅरिसपुरतं नाही. पुण्या-मुंबईत मॅकरॉन आता मिळतं. तमिळनाडूतल्या तुतिकोरिनला गेलात तर काजू, अंडं आणि साखर यांचं तिथलं मॅकरून मिळेल, तेही बघा खाऊन. आणि हे काहीच नाही, तर तालुक्याच्या बाजारातली गरम जिलबी आहेच. घरच्यांसाठी अर्धा किलो बांधून घेतो, आणि तिथंच बाकावर बसून एक प्लेट आपण खाल्ली असं किती वेळा होतं? ‘एकटीनं काय बसून खायचं!’ असं आपणच आपल्याला म्हणतो. दीडशे वर्षांपूर्वी पॅरिसच्या बायकाही असंच म्हणत असतील.

दुसरीही एक शंका येईल. घरच्यांना आधी, आपल्याला नंतर, हे आपले संस्कार आहेत ना? आहेत, आणि चांगलेच आहेत. पण जी वस्तू आपण चाखलेलीच नाही, ती कशी लागते हे घरच्यांना सांगणार काय? भाचीनं विचारलं, ‘काकू, तिथं खाल्लंत तेव्हा कसं लागलं हो?’ तर आपल्याजवळ सांगायला चव असावी. रांगेची लांबी आणि बॉक्सची किंमत तर कुणीही सांगेल.

म्हणून मैत्रिणींनो, पुढच्या सहलीला निघताना ती यादी एकदा काढून बघा. भाची, जाऊ, विहीणबाई, साहेब, सगळे असू द्यात. फक्त सर्वांत वर स्वतःचं नाव लिहा, आणि त्यापुढे लिहा, नग एक, अख्खा, तिथंच बसून.