दुकानाची पायरी

हल्ली पांढरपेशा लोकांना वाण्याच्या दुकानाचा फार उमाळा येतो. मॉल आले, मार्ट आले, फोनवर बोट टेकवलं की सामान दारात यायला लागलं, आणि यांच्या डोळ्यांत पाणी. काय तो गुळाचा वास, काय ती दोऱ्यानं बांधलेली कागदी पुडी, काय ते ‘वहिनी, भाऊसाहेब दिसले नाहीत बऱ्याच दिवसांत’ असं आपुलकीनं विचारणं. माणुसकी होती म्हणे दुकानात. दोस्तहो, असलं काही वाचलं की एकच गोष्ट तपासायची. लिहिणारा दुकानात उभा कुठं होता? ओट्यावर, की ओट्याखाली?

मी गगनबावड्याचा. कोल्हापूरपासून पंचावन्न किलोमीटर. पुढं करूळचा नाहीतर भुईबावड्याचा घाट उतरला की कोकण. एकेकाळी ही पंत अमात्यांची जहागीर. आता मी मुंबईच्या गोदीत कंत्राटावर आहे, जहाजातून स्टीलच्या कॉइली उतरवतो. दहावी पास, पुढं नाही. कविता लिहितो, तिचा पगार कोणी देत नाही. असल्या माणसानं दुकानाची मांडणी आणि गिऱ्हाइकाचं मन यावर लिहावं, याचं कुणाला हसू येईल. हसा. पण हा अभ्यास अमेरिकेतल्या कॉलेजांत सुरू व्हायच्या कितीतरी आधी आमच्या लोकांनी केलाय. बाहेर उभं राहून केलाय, एवढाच फरक.

आमच्या आज्जीनं सांगितलेलं दुकान बघा. समोर उंच ओटा. ओट्यावर फळ्यांचं दार. फळ्या काढल्या की आत शेट, त्याच्या पुढ्यात गल्ला, डोक्यावर टांगलेली तागडी. सवर्ण गिऱ्हाईक पायरी चढून ओट्यावर टेकायचं. धान्यात हात घालायचं, चार दाणे दाताखाली फोडून बघायचं, नावं ठेवायचं, भाव पाडायचं. आज्जी खाली उभी. मीठ वरून पदरात पडायचं. पैसे पायरीवर ठेवायचे, शेट त्यावर पाणी शिंपडून मग उचलायचा. तागडी तिच्या डोक्याच्या वर, तेव्हा काटा कुठं टेकला हे तिला कधी दिसलंच नाही. तांदळात कणी किती हे घरी गेल्यावर कळायचं. परत करायची सोय नव्हती. तिच्या पदराला लागलेला माल शेट परत कसा घेणार?

ही झाली मांडणी. आता तिचा गिऱ्हाइकावर परिणाम बघा. आज्जी दुकानात कधी दुसऱ्यांदा विचारत नसे. दाखवा म्हणत नसे. दोन वस्तूंतली एक निवडणं हा प्रकारच तिला माहीत नव्हता. देतील ते घ्यायचं आणि लवकर बाजूला व्हायचं. म्हातारपणीसुद्धा ती दुकानात मान वर करून बोलायची नाही, आणि तिला भित्री म्हणावं तर रानात साप दिसला की कोयता घेऊन पहिली तीच. तिचा भित्रेपणा तेवढ्या ओट्यापुरता होता. दगड-चुन्यात बांधलेला होता तो.

ओट्याबद्दल विचारलं तर उत्तर तयार असतं. पाऊस. खोटं नाही. राज्यात सगळ्यात जास्त पाऊस पडणाऱ्या गावांत गगनबावडा आहे. जून लागला की गगनगड ढगात गडप होतो, रस्ता ओढा होतो. जोतं उंच नसेल तर साखरेचं पाणी होईल. मान्य. पण पाऊस चार महिन्यांचा आणि पायरीवर थांबायचा नियम बारा महिन्यांचा, हे कसं? आणि ऐन पावसात ओट्यावर, वळचणीखाली कोरडी जागा होती, तिथं कोण उभं राहायचं? आज्जी इरलं घेऊन धारेखाली उभी असायची. माल भिजू नये म्हणून बांधलेल्या ओट्यानं माणूस भिजत ठेवला.

बाबासाहेबांना ही पायरी पाठ होती. म्हणून घटनेच्या १५व्या कलमात विहिरी, तलाव, रस्ते यांच्याबरोबर दुकान हा शब्द आहे. दुकानात जायला धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यावरून कोणाला अडवता येणार नाही. २९ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत यावर चर्चा झाली तेव्हा सभासदांनी विचारलं, दुकान म्हणजे नेमकं काय? धोब्याचं, न्हाव्याचं येतं का त्यात? बाबासाहेबांनी सांगितलं की दुकान हा शब्द मोठ्या अर्थानं घ्यायचा. सेवा मागायला येणाऱ्याला जो सेवा द्यायला बसलाय, त्याची ती जागा म्हणजे दुकान. घटना लागू झाली २६ जानेवारी १९५०ला. अस्पृश्यता गुन्हा ठरवणारा कायदा १९५५चा. आज्जीला पायरी चढायला त्यानंतर किती वर्षं लागली ते विचारू नका. कायदा दिल्लीत झाला, ओटा गावात होता.

ओटा दुसऱ्याच कारणानं मोडला. नफ्याच्या.

१९१६ साली अमेरिकेत मेम्फिस गावात क्लॅरेन्स सॉन्डर्स नावाच्या माणसानं पिगली विगली हे किराणा दुकान उघडलं. तोवर तिथंही मधे काउंटर, मागे नोकर, समोर गिऱ्हाईक. यानं काउंटर दारापाशी नेला आणि फळ्या उघड्या टाकल्या. हातात टोपली घ्या, स्वतः उचला, किंमत वस्तूवर लिहिलीय, बाहेर पडताना पैसे द्या. वाट अशी आखली की दारातून शिरलं की सगळं दुकान फिरल्याशिवाय बाहेर पडता येऊ नये. मीठ घ्यायला आलेला माणूस बिस्किटं बघतच जाणार. नोकरांचा पगार वाचला, विक्री वाढली. या मांडणीचं त्यानं १९१७ साली पेटंट घेतलं. आजचा प्रत्येक मार्ट त्या पेटंटचा नातू.

सॉन्डर्स काही समाजसुधारक नव्हता. मेम्फिस म्हणजे काळ्या-गोऱ्यांच्या वेगळ्या नळांचं गाव. पण छापील किंमत तोंड बघून बदलत नाही आणि फळीवरचा डबा उचलणाऱ्याचा हात विचारत नाही. एवढं त्यात होतं. आणि एवढ्यानं सगळं होत नाही, हेही त्याच देशात दिसलं. १ फेब्रुवारी १९६० रोजी ग्रीन्सबरो गावात चार काळे विद्यार्थी वुलवर्थच्या दुकानात गेले. टूथपेस्ट वगैरे सामान घेतलं, पैसे दिले, पावती घेतली. मग त्याच दुकानात खाण्याच्या काउंटरवर बसले आणि कॉफी मागितली. नाही मिळाली. एकाच छपराखाली एका गल्ल्यावर यांचा पैसा चालतो, दुसऱ्या गल्ल्यावर यांचं बूड चालत नाही. पोरं उठली नाहीत. दुसऱ्या दिवशी आणखी आली, गावोगावी पसरलं. जुलैत वुलवर्थनं काउंटर खुला केला. स्टूल कुठं ठेवायचं आणि त्यावर कोणी बसायचं, हा मांडणीचाच भाग असतो, मित्रांनो. आपल्याकडे हॉटेलाबाहेर वळचणीला खोचलेली कानतुटकी कपबशी ही मांडणीच होती.

आता मुंबईत या. १८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि बहुतेक पुन्हा आत गेलेच नाहीत. त्याच १९८२ साली अमेरिकेत मिलिमन नावाच्या प्राध्यापकानं एका सुपरमार्केटमधला प्रयोग छापला. संगीत संथ लावलं की लोक हळू चालतात आणि विक्री ३८ टक्क्यांनी जास्त होते. इथं भोंगा बंद होत होता, तिथं भोंग्याच्या जागी काय वाजवायचं हे ठरत होतं. लोअर परळच्या फिनिक्स मिलमध्ये आज मॉल आहे. त्याच मुंबईच्या गिरण्यांत आमच्या माणसांना विणकाम खात्यात घेत नव्हते, कारण धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागे आणि आमच्या थुंकीनं विटाळ होई. आता तिथं आमची पोरं शिरतात, शर्ट हातात घेतात, अंगाला लावून आरशात बघतात, घडी मोडून ठेवून देतात. विकत घेत नाहीत. मला यात आनंद होतो, खोटं कशाला बोलू? कापडाला हात लावून ते न घेता निघून जाणं ही आमच्या घराण्यात तीन पिढ्यांत कुणाला न मिळालेली चैन आहे.

पण पायरी गेली कुठं? ती दारात गेली. १९९९ साली हाजीअलीजवळ क्रॉसरोड्स नावाचा मॉल उघडला. सुरुवातीला आत सोडायचा नियम काय होता माहितीये? मोबाईल दाखवा नाहीतर क्रेडिट कार्ड दाखवा. दोन्ही नसेल तर साठ रुपये भरा. ओरड झाली तेव्हा मागे घेतला. तेव्हा मोबाईल कुणाच्या खिशात होता? जात कुणी विचारली नाही. विचारायची गरज नव्हती. आता नियम नाही, पण दारात रखवालदार आहे. आमच्यातलाच, बारा तास उभा. कॉइलीचं तेल लागलेले माझे कपडे बघून तो माझी पिशवी दोनदा उघडतो, कारण त्याच्यावरही कॅमेरा आहे.

आतली मांडणीही बघून घ्या, भुलू नका. डाळ-तांदूळ मागच्या कोपऱ्यात. महाग माल डोळ्यांच्या उंचीवर, स्वस्त माल गुडघ्यापाशी. आज्जीची तागडी डोक्यावर होती, आता स्वस्त साबण पायाशी आहे. दोन्हीकडे आपण वाकायचं. पोरांची चॉकलेटं बिलाच्या रांगेत, पोरांच्या हाताला येतील अशी. घड्याळ नाही, खिडकी नाही. शंभराची वस्तू नव्याण्णवला.

पॅको अंडरहिल नावाचा अमेरिकन दुकानांतल्या गिऱ्हाइकांचं निरीक्षण करतो. १९९९च्या पुस्तकात तो सांगतो की अरुंद जागेत बाईला मागून कोणाचा धक्का लागला की ती हातातली वस्तू सोडून निघून जाते. म्हणून रस्ते रुंद ठेवा. आपल्याकडे बिग बझारच्या किशोर बियाणींनी उलटं केलं. त्यांनी पाहिलं की नीट, रिकाम्या रस्त्यातून गिऱ्हाईक भरभर निघून जातं. म्हणून मुद्दाम वाटा अरुंद-वाकड्या केल्या, ढीग लावले, कलकलाट ठेवला, बाजारासारखी घुसमट केली. आणि धंदा झाला. २६ जानेवारी २००६ला त्यांनी सबसे सस्ता दिन लावला तर एवढी झुंबड उडाली की काही दुकानांना शटर खाली ओढावं लागलं. पुढं २०२२ साली बिग बझारच बंद पडला, तो भाग वेगळा. माझ्या डोक्यात राहिली ती तारीख. प्रजासत्ताक दिन. ज्या देशात सावली पडली तरी आंघोळ करत होते तिथं बादली-तव्याच्या सवलतीसाठी सगळ्या जाती एकमेकांच्या अंगावर. घासाघीस, ढकलाढकली, विटाळ कुठं गेला कुणालाच पत्ता नाही. दुसऱ्या दिवशी चाळीत, लग्नात, भाड्याच्या खोलीत विटाळ परत जागेवर. बाजार स्पर्श देतो, पण बिल होईपर्यंतच.

तेव्हा मॉलला शिव्या घालणाऱ्यांच्या रांगेत मी नाही आणि आरती ओवाळणाऱ्यांच्याही नाही. वाण्याची उधारी होती, मॉल उधार देतो का, असं मला एका डाव्या मित्रानं सुनावलं. खरंय. मॉल उधार देत नाही. पण ती वही कुणाच्या हातात होती? वहीत नाव चढलं की निवडणुकीत, भांडणात, पंचायतीत तोंड बंद. पोलीस ठाण्यात तक्रार केली की दुसऱ्या दिवशी मीठ-मिरची बंद. खेड्यातला बहिष्कार सुरू होतो तो दुकानापासून.

दुकान आपल्या हातात असेल तरच मांडणी आपली. कोल्हापुरात हे एकदा झालंय. शाहू महाराज १९२२ला गेले, त्याच्या आधीच्या वर्षांतली गोष्ट. पाण्याला शिवला म्हणून मार खाल्लेल्या गंगाराम कांबळ्यांना महाराजांनी चहाचं हॉटेल काढायला पैसे दिले. भाऊसिंगजी रोडवर हॉटेल निघालं. सवर्ण फिरकेनात. तेव्हा महाराज स्वतः गाडी थांबवून तिथं चहा प्यायला लागले, आणि सोबतच्या बड्या मंडळींनाही पाजू लागले. राजानं प्यायला म्हटल्यावर नाही कोण म्हणतो? गोष्ट मोठीच आहे. तरी मला त्यात राजा खुपतो. प्रत्येक टपरीला राजा कुठून आणायचा?

राजाशिवायचं दुकान बघायचं तर ६ डिसेंबरला शिवाजी पार्कवर जा. जमिनीवर प्लॅस्टिकचा कागद, त्यावर पुस्तकं. विकणारा उकिडवा, घेणारा उकिडवा. ओटा नाही, काच नाही. गावाकडची अडाणी बाई पुस्तक हातात घेते, चित्रं बघते, शेजारच्या पोराला वाचून दाखव म्हणते, अर्धा तास बसते. कोणी हुसकत नाही. आणि जाताना पदराची गाठ सोडून पुस्तक घेऊन जाते. संथ संगीत लागत नाही तिला. मांडणी कशी असावी हे मला तिथं कळतं.

हे सगळं आता का लिहिलं, तर माझा चुलतभाऊ गगनबावड्यात किराणा दुकान काढतोय. वस्तीत नाही, हमरस्त्यावर. काल त्यानं फोन करून विचारलं, दादा, रॅक कसले घेऊ, काउंटर केवढा करू? त्याला जे सांगितलं ते इथंच छापतो. काउंटर दाराशी, आणि कमरेपेक्षा उंच नको. काटा गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे. डाळ-तांदूळ पुढं, उघड्या पोत्यात, ज्याला हात घालून बघायचंय त्यानं बघावं. उधारीची वही ठेवलीस तर तिची दुसरी प्रत गिऱ्हाइकाकडे दे. एक खुर्ची ठेव, म्हाताऱ्या माणसांसाठी, आणि तीवर कोण बसतंय याकडे बघू नको. सवर्ण पहिले सहा महिने येणार नाहीत, तेवढं भांडवल धरून चाल. जोतं उंच लागणारच, पाऊस आपल्यालाही आहे. पण त्याला पायऱ्या करू नको, लांब उतार कर. उताराला सिमेंट जास्त लागेल असं गवंडी म्हणतो, तर लागू दे. त्याचे पैसे मी पुढच्या पंधरवड्याच्या पगारातून पाठवतो.