नवी गाडी घेण्यापूर्वी टर्बोविषयी थोडेसे



शाळेची सामानाची डिझेल पिकअप आता थकली आहे. नवी घ्यावी यावर सर्वांचे एकमत आहे. कोणती घ्यावी यावर मात्र पालक सभेत दोन तट पडले. एक पक्ष म्हणतो, अगदी आधुनिक टर्बोची, भरपूर ताकदीची घ्या. दुसरा म्हणतो, साधी तीच टिकाऊ. मी मोटारीचा मिस्त्री नाही. भौतिकशास्त्र शिकलो, तेही हिंदी माध्यमातून. तरी या विषयावर थोडे वाचले आणि थोडे भोगले, म्हणून लिहीत आहे.

टर्बोचे तत्त्व सोपे आहे. इंजिनातून बाहेर पडणारा गरम धूर एक चाक फिरवतो. त्याच दांड्यावरचे दुसरे चाक बाहेरची हवा दाबून इंजिनात भरते. हवा जास्त मिळाली की डिझेल जास्त जाळता येते आणि ताकद वाढते. हा दांडा मिनिटाला लाखभर फेरे घेतो, आणि तोही तेलाच्या पातळशा थरावर.

साध्या टर्बोत धुराची वाट ठरलेली असते. दाब फार वाढला तर ‘वेस्टगेट’ नावाची झडप जादा धूर बाजूने सोडून देते. दुसऱ्या प्रकारात, म्हणजे व्हीजीटीमध्ये, चाकाभोवतीच्या छोट्या पात्या वळून ही वाट अरुंद किंवा रुंद करतात. त्यामुळे कमी वेगातही गाडी चटकन उचल घेते.

अमेरिकेत मोठ्या पिकअप गाड्यांत हे दोन्ही प्रकार एकाच काळात रस्त्यावर होते. फोर्डने 2003 च्या मॉडेलपासून 6.0 लिटरच्या पॉवर स्ट्रोक इंजिनाला पात्यांचा टर्बो दिला. त्याच सुमारास डॉज रॅमच्या 5.9 लिटर कमिन्स इंजिनाला होल्सेटचा वेस्टगेटवाला टर्बो होता. फोर्डच्या टर्बोत काजळी आणि गंज धरून पात्या अडकण्याच्या तक्रारी पुष्कळ झाल्या. कमिन्सचे इंजिन दणकट म्हणून नावाजले गेले.

परंतु एवढ्यावरून निकाल देणे न्यायाचे होणार नाही. फोर्डच्या त्या इंजिनाची बदनामी झाली, त्यात ईजीआर कूलर आणि हेड गॅस्केट यांचा वाटा मोठा होता. शिवाय धुराचे नियम कडक झाले तेव्हा, 2007 मध्ये, कमिन्सनेही आपल्या 6.7 लिटर इंजिनाला बदलत्या वाटेचाच टर्बो दिला. फक्त पात्या वळवण्याऐवजी एक कडे पुढेमागे सरकवण्याची रचना ठेवली. (याच होल्सेटचे टर्बो आपल्या शेजारी देवासला तयार होत आले आहेत, हे विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावे.) काजळीने तिथेही त्रास दिलाच.

मला महत्त्वाची वाटली ती गोष्ट वेगळीच. पात्या अडकण्याचा त्रास ओझे ओढणाऱ्या गाड्यांना कमी. जास्त त्रास, उभ्या उभ्या इंजिन चालू ठेवणाऱ्या आणि जवळच्या जवळ फेऱ्या मारणाऱ्या गाड्यांना. धूर पुरेसा तापत नाही, काजळी जमते, पात्या पूर्ण फिरत नाहीत आणि शेवटी जाम होतात. आता आपली गाडी काय करते ते पाहा. शाळेतून बाजार, बाजारातून शाळा, आणि फाटकाशी अर्धा अर्धा तास इंजिन चालू. म्हणजे पात्यांच्या टर्बोला जे सोसत नाही, नेमके तेच.

दुसरी गोष्ट माझ्या चुकीची. काही वर्षांपूर्वी महेश्वरच्या सहलीचे सामान घेऊन गेलेली आपली गाडी परतीच्या घाटात धूर ओकत बंद पडली. मिस्त्रींनी टर्बो उघडला. तेल डांबरासारखे झाले होते आणि दांडा झिजला होता. मी ड्रायव्हर काकांना चार शब्द ऐकवले. नंतर फाइल पाहिली, तर तेल बदलण्याचा त्यांचा अर्ज मीच दोनदा ‘पुढील महिन्यात’ असा शेरा मारून परत केला होता. तो टर्बो साध्यातला साधा होता, तरी वाचला नाही. काकांची क्षमा मी तेव्हा मागितली. आज जाहीरपणे पुन्हा मागतो.

म्हणून माझे मत असे. आपल्या कामाला पुरेल एवढ्याच ताकदीची, शक्यतो वेस्टगेटच्या टर्बोची गाडी घ्यावी. 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 नियम आले, त्यामुळे नव्या डिझेल गाडीत जुन्यासारखा साधेपणा पूर्ण मिळणार नाही. पात्यांचा टर्बो घ्यावाच लागला, तर आठवड्यातून एकदा गाडी मोकळ्या रस्त्यावर लांब पळवावी. विश्वस्तांना विनंती, की गाडीच्या किमतीबरोबरच तेल व फिल्टरची तरतूद वेगळी मंजूर करावी आणि त्या रकमेला दुसऱ्या कशासाठीही हात लावू नये, अगदी स्नेहसंमेलनासाठीसुद्धा. तेलाच्या बाबतीत ड्रायव्हर काकांचा शब्द अखेरचा मानावा, मुख्याध्यापकांचा नव्हे. नोंदवही नववीच्या विद्यार्थ्यांनी ठेवावी.

घाट चढून आल्यावर दोन मिनिटे इंजिन तसेच चालू ठेवून मग बंद करावे. तापलेल्या टर्बोला तेवढा वेळ तेल मिळणे आवश्यक असते. फाटकाशी मात्र गाडी उभी केली की इंजिन बंद. एवढे पाळले, तर कोणती गाडी घ्यावी हा वाद निम्मा मिटेल.