जप्त केलेली टमरेलं

ग्रामपंचायतीच्या लोखंडी कपाटात, जुन्या प्रोसिडिंग बुकांच्या खालच्या कप्प्यात, तेवीस टमरेलं पडून होती. डालड्याचे गंजके डबे, तारेची कडी लावलेले रंगाचे डबे आणि एक पितळी तांब्या. तांब्या एका म्हातारीचा. तिने तो माझ्याकडे तीनदा मागितला आणि तिन्ही वेळा मी 'वरून आदेश नाही' म्हणून तिला परत पाठवलं. ही सगळी जप्ती माझी. मी त्या गावचा ग्रामसेवक होतो आणि त्या उद्योगाला 'गुड मॉर्निंग पथक' म्हणत.

पहाटे साडेचारला निघायचं. मी, दोन मास्तर, अंगणवाडीच्या ताई, कधी एखादा पोलीस. बांधाआड कुणी बसलेलं दिसलं की बॅटरी मारायची. पहिल्या वेळी गुलाबाचं फूल, दुसऱ्या वेळी टमरेल जप्त, तिसऱ्या वेळी पोलीस कायद्याच्या कलम 115 आणि 117 ची धमकी. उजेड दिसला की बाया अर्ध्यातून उठून, तोंडावर पदर ओढून उभ्या राहायच्या. लोकांना लाज वाटली पाहिजे, असं आम्हाला प्रशिक्षणात शिकवलं होतं. ती कुणाला वाटली ते आज सांगतो: मला. पण बदलीची भीती तिच्याहून मोठी होती.

आता आकड्यांकडे येऊ, कारण आमचं सगळं आयुष्य आकड्यांत गेलं. 2 ऑक्टोबर 2014 ला स्वच्छ भारत अभियान सुरू झालं. एप्रिल 2018 मध्ये महाराष्ट्र हागणदारीमुक्त झाल्याचं जाहीर झालं. 2 ऑक्टोबर 2019 ला साबरमतीच्या काठी अख्खा ग्रामीण भारत मुक्त झाला. त्याच्या आठवडाभर आधी, मध्य प्रदेशात शिवपुरी जिल्ह्यातल्या भावखेडी गावात, उघड्यावर शौचाला बसलेल्या दोन दलित लेकरांना काठ्यांनी मारून टाकलं होतं. मुक्तीचा सोहळा त्यामुळे एका तासानेही पुढे गेला नाही. सरकारच्याच राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाला 2019 ते 2021 या काळात देशातली 19 टक्के कुटुंबं उघड्यावरच जाताना सापडली. हे सर्वेक्षण करणारे बहुधा पहाटे उठत असावेत. घोषणा करणारे दहा वाजता उठतात.

एका शौचालयामागे 12,000 रुपये. विटा, वाळू, सिमेंट, गवंडी, पत्र्याचं दार, सगळं त्यात बसवायचं. तेही आधी स्वतःच्या खिशातून, मग फोटो, मग अनुदान. बरं, नाव 2012 च्या पायाभूत सर्वेक्षणात असावं लागायचं. त्यानंतर पोरगं वेगळं निघालं, सून आली, चूल वेगळी झाली, ते सगळे पोर्टलच्या लेखी जन्मलेच नाहीत. मात्र पहाटे बॅटरी मारताना आम्ही त्यांना यादीत नाव आहे का, असं कधी विचारलं नाही.

फोटोत लाभार्थी दारासमोर सरळ उभा हवा. आत काय आहे हे पोर्टलला दिसत नाही. आत सरपण असायचं, शेळी असायची, एका घरात तर कडब्याच्या पेंढ्या छतापर्यंत रचलेल्या होत्या. लोकांना अक्कल नाही म्हणून नव्हे. 2016 चा उन्हाळा आठवा. मिरजेहून लातूरला रेल्वेने पिण्याचं पाणी येत होतं. आमचं गाव लातूरपासून फार लांब नाही. टँकर दोन दिवसांआड यायचा आणि बायका विहिरीत पोरं उतरवून वाटीने पाणी भरायच्या. त्याच एप्रिलात मला आढावा बैठकीत उभं करून विचारलं गेलं, 'वापर का वाढत नाही?' एका माणसाच्या एका खेपेला निम्मी बादली लागते, ती कुठून आणू, हा प्रश्न प्रपत्रात बसत नव्हता. मी 'जनजागृती कमी पडली' असं लिहून दिलं.

खोटं बोलणार नाही. जिथे नळाला पाणी आलं तिथे शौचालयं वापरली गेली, आजही वापरली जातात. अंधार पडायची वाट बघत पोट दाबून बसणाऱ्या सुनांची त्यातून सुटका झाली. तेवढ्यासाठी मी या योजनेला हात जोडतो. माझं भांडण पुढच्या गोष्टीशी आहे. खड्डा भरल्यावर काय?

कागदावर उत्तर फार सुंदर आहे. दोन शोषखड्डे. एक भरला की मैला दुसऱ्यात वळवायचा, पहिला वर्षभर झाकून ठेवायचा, त्याचं कोरडं, बिनवासाचं सोनखत होतं. 2017 मध्ये केंद्राचे स्वच्छता सचिव परमेश्वरन अय्यर तेलंगणातल्या एका गावात स्वतः असल्या खड्ड्यात उतरले आणि खत हातात घेऊन दाखवलं. मोठा माणूस, मी थट्टा करत नाही. पण आमच्या गावात तो फोटो दाखवल्यावर पाटलांच्या आळीतून प्रश्न आला, 'भाऊसाहेब, साहेब उतरले, ठीक. आमच्यात कोण उतरणार?' आमच्यात. या एका शब्दात सगळं आलं.

कोकणातल्या अप्पासाहेब पटवर्धनांना हा शब्द पुरता कळला होता. 1932 मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात त्यांनी भंगीकाम मागितलं. उच्चवर्णीय कैद्याला ते देता येत नाही म्हणून सरकारने नकार दिला, त्यावर त्यांनी अन्न कमी केलं आणि त्यांच्या पाठिंब्यासाठी गांधींनी येरवड्यात उपवास धरला. संडास ही बांधकामाची बाब नाही, जातीची आहे, हे त्या माणसाने कैदेत ओळखलं होतं. आम्ही ती बांधकाम खात्याच्या पद्धतीने निकालात काढली: खोदा, बांधा, फोटो काढा, पुढचं गाव.

मग लोकांनी काय केलं? ज्यांच्याकडे पैसा होता त्यांनी शोषखड्डे नाकारले आणि जन्मभर भरणार नाही अशी भलीमोठी टाकी बांधली. गावात तिला 'सेफ्टी टँक' म्हणतात. सेफ्टी कुणाची, हे गेल्या पावसाळ्यात दिसलं. निवृत्तीनंतर मी काही कागदांसाठी गावात गेलो होतो. एका बड्या घरची टाकी तुंबली होती. मैला उपसायची गाडी बोळात शिरेना, म्हणून तालुक्याहून दोन पोरं बोलावली. विशीतली. आठ हजार मागितले, साडेतीनवर तुटलं. आत उतरण्याआधी दोघांनी देशीची बाटली संपवली. शुद्धीत राहून ते काम होत नाही, असं त्यातला एक मला सहज म्हणाला. हाताने मैला उपसण्यावर बंदी घालणाऱ्या 2013 च्या कायद्याप्रमाणे त्यांना असं आत उतरवणं गुन्हा आहे. तिथे सरपंच उभा होता, नवा ग्रामसेवक उभा होता, मी उभा होतो. घरमालकाने मला बाजूला घेऊन विचारलं, 'भाऊसाहेब, यांच्या मजुरीला काही अनुदान बसतं का?'

उपसलेलं सगळं रात्री ओढ्यात गेलं, 'हागणदारीमुक्त गावात आपले सहर्ष स्वागत आहे' या कमानीच्या अलीकडे. पोरं काठावर बसली होती, कोपरापर्यंत माखलेली. एकाने हात धुवायला पाणी मागितलं. घरातून बादली आली, पण तांब्या कुणी देईना. मग मी ग्रामपंचायतीत गेलो, शिपायाकडून कपाट उघडून घेतलं आणि त्यातलं एक टमरेल काढून आणलं.