डिझेल वाचतं कुठे?

मंडळी, निवृत्त मास्तराने डिझेलवर का लिहावं, असं पुण्यातली भाचेमंडळी विचारणारच. कारण साधं आहे. माझा एक जुना विद्यार्थी कामशेतजवळ बेकरी चालवतो. खारी, टोस्ट, पाव. त्याच्याकडे तीन पिकअप आहेत. एक लोणावळा-खंडाळा करून घाट उतरून खोपोलीला जाते, एक वडगाव-तळेगावला आणि एक नाणे मावळ आणि पवन मावळातल्या दुकानांना. नफ्यातला मोठा वाटा डिझेल खातं ही त्याची जुनी तक्रार. ऑक्टोबर 2014 मध्ये डिझेल सरकारी नियंत्रणातून सुटलं आणि जून 2017 पासून भाव रोज ठरू लागला. तेव्हापासून महिन्याचा हिशेब आधी मांडणं त्याला जमत नाही.

यावर त्याने जो उपाय काढला तो मला अजिबात पटलेला नाही. प्रत्येक ड्रायव्हरला अ‍ॅव्हरेज ठरवून दिलं आहे. त्याच्या वर अ‍ॅव्हरेज मिळालं तर बक्षीस, खाली गेलं तर पगारातून कापणार.

आता ड्रायव्हर काय करेल? घाट उतरताना गाडी न्यूट्रलमध्ये टाकेल. बोरघाटात ही सवय जुनी आहे, आणि एक्स्प्रेसवेवर ब्रेक निकामी होऊन जे अपघात होतात त्यात न्यूट्रलचा उल्लेख वारंवार येतो. उतारावर गिअर काढला की इंजिन गाडीला मागे धरत नाही, सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात आणि धरेनासे होतात. काही महाभाग तर इंजिनच बंद करतात. मग ब्रेकला मिळणारा जोरही जातो.

गंमत म्हणजे यात डिझेल वाचतच नाही! हल्लीच्या गाड्यांमध्ये गिअर टाकलेला असताना अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काढला की उतारावर इंजिनाला डिझेलचा पुरवठाच थांबतो. चाकंच इंजिन फिरवतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन सुरू ठेवायला थोडं डिझेल जळत राहतं. म्हणजे जीव धोक्यात घालून वर चार थेंब जास्तच! हे मी त्याला दोनदा समजावलं. "सर, पोरं ऐकत नाहीत," म्हणाला. पोरं कशी ऐकतील बाबा? पगार तू अ‍ॅव्हरेजला बांधून ठेवलास ना.

मी भूगोल शिकवायचो, त्यामुळे घाटाची उंची पाठ आहे. खोपोली समुद्रसपाटीपासून साठ-सत्तर मीटर, लोणावळा सव्वासहाशेच्या आसपास. म्हणजे साडेपाचशे मीटरची चढण. विज्ञान शिकवणाऱ्या मित्राकडून गणित करून घेतलं. एक टन वजन एवढं वर चढवायला साधारण अर्धा लिटर डिझेल लागतं. रस्त्याचं घर्षण, वळणं, ट्रॅफिक हे वेगळंच. गाडीत कायम पडून असलेले फुटके क्रेट आणि लोखंडी जाळ्या काढल्या तर एका फेरीत जेमतेम अर्धा-एक कप वाचेल. पण दीड-दोन टनांचा रिकामा पिकअप नुसतं स्वतःचं वजन वर आणायला पाऊण ते एक लिटर पितो. टायरची हवा, वेळेवर सर्व्हिसिंग हे करावंच. पण खरी बचत फेरीच टाळण्यात आहे, आणि फेऱ्या किती हे मालक ठरवतो, ड्रायव्हर नाही. शनिवारी-रविवारी पावसाळ्यात भुशी डॅमची गर्दी लोणावळ्यात तुंबलेली असताना अकरा वाजता गाडी पाठवायची आणि अ‍ॅव्हरेज मागायचं, हा कुठला न्याय? पहाटे पाचला निघाली तर तीच गाडी नऊच्या आत घरी.

आपल्या मावळच्या माणसांनी तर हा धडा साऱ्या जगाला घालून दिला आहे. मुंबईचे डबेवाले. मावळ, खेड, जुन्नर, आंबेगाव या भागांतलीच बहुतेक मंडळी. महादू हावजी बच्चे यांनी 1890 मध्ये हे काम सुरू केलं. करोनापूर्वी सुमारे पाच हजार माणसं रोज दोनेक लाख डबे पोचवायची. सायकल, हातगाडी, लोकलचा लगेजचा डबा. इंधनाचं बिल जवळजवळ नाहीच! लोक त्यांच्या अचूकपणाचं कौतुक करतात, मला वेगळंच महत्त्वाचं वाटतं. घरापासून ऑफिसपर्यंत एकच माणूस एकच डबा घेऊन जात नाही. एक जण गोळा करतो, स्टेशनवर खुणा बघून वाटणी होते, पुढे दुसरा नेतो. जी लोकल तशीही धावणारच आहे तिच्यावर लांबचा प्रवास टाकलेला आहे. (2020 च्या मार्चमध्ये लोकल थांबली तेव्हा त्यांचं कामही थांबलं, हेही खरं.)

आता आपल्या खोऱ्यांत काय चालतं पाहा. पवन मावळ काय, नाणे मावळ काय, आत गेलेली गाडी बहुधा त्याच वाटेने परत येते. याची पिकअप सकाळी भरून आत जाते आणि रिकामी परत येते. त्याच सुमारास दुधाची गाडी रिकामे कॅन घेऊन आत जाते आणि भरून बाहेर येते. दोघे वाटेत एकमेकांना हॉर्न वाजवून नमस्कार करतात! पावाचे झाकणबंद क्रेट दुधाच्या गाडीतून आत गेले, तर एक पिकअप रोजची मोकळी होते.

हे त्याला पटलं आहे असं दिसतं. दूधवाल्याशी बोलणंही झालं. क्रेटमागे किती द्यायचे यावर घोडं अडलंय, आणि आत कच्चा पाऊस लागला तर पाव ओला कोणाच्या खात्यात, यावर. अ‍ॅव्हरेजची कापाकापी मात्र त्याने अजून बंद केलेली नाही. रविवारी तो घरी यायचा आहे. खारी घेऊन येईल, पण मी आधी पगाराचाच विषय काढणार आहे.