विक्षिप्तपणाची वकिली

मागच्या पावसाळ्यात कोलकात्यातील एका मराठी स्नेह्यांच्या घरी आम्ही आठदहा मंडळी जमलो होतो. २०१९ साली आलेला ‘आनंदी गोपाळ’ हा चित्रपट पुन्हा एकदा पाहावा, असा बेत होता. चित्रपट संपला, चहा आला, आणि निवृत्तीच्या उंबरठ्यावर आलेल्या एका वडीलधाऱ्या अधिकाऱ्यांनी निर्णय दिला : “नवरा असा चक्रम असल्याखेरीज अशी बायको घडत नाही. आनंदीबाईंनी त्यांचा विक्षिप्तपणा सोसला म्हणूनच त्या डॉक्टर झाल्या. हल्लीच्या मुलींना सोसायला नको.” पुरुषमंडळींनी माना डोलावल्या. बायका कपबशा गोळा करीत होत्या. त्यांच्यापैकी कोणी काही बोलले नाही. मीही बोललो नाही. वयाचा मान, पदाचा मान आणि दुसऱ्याचे घर अशी तीन कारणे माझ्याजवळ होती. त्या मौनाची भरपाई म्हणून हा लेख लिहीत आहे.

गोपाळराव जोशी हे आपल्यापैकीच एक होते, हे आपण सहसा ध्यानात घेत नाही. टपालखात्यातला हा कारकून कल्याण, अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भूज अशा बदल्या भोगत १८८१ साली कलकत्त्यास आला. पुढे श्रीरामपुरास त्याची बदली झाली. बदलीचा हुकूम, परक्या प्रांतातले बिऱ्हाड, बरोबर आणलेली तरुण बायको आणि कचेरीतून परतल्यावर घरात चालणारी आपली सत्ता हे सारे आपल्या ओळखीचे आहे. म्हणूनच त्यांच्या वर्तनाला आपण सवलत देतो, असा मला संशय आहे.

त्यांचा ध्यास काय होता, हे सर्वश्रुत आहे. वयाने सुमारे वीस वर्षांनी मोठे असलेल्या या बिजवराने नऊ वर्षांच्या मुलीशी लग्न केले, ते तिला शिकवीनच अशा अटीवर. त्या काळात ही अट घालायला असामान्य छाती लागत होती, हे मी मोकळेपणाने मान्य करतो. चौदाव्या वर्षी तिला मूल झाले व दहा दिवसांत गेले. वैद्यकी शिकण्याची तिची ओढ त्या दुःखातून उपजली. १८८३ च्या फेब्रुवारीत श्रीरामपूर कॉलेजात तिने इंग्रजीत व्याख्यान देऊन आपण अमेरिकेस का जात आहोत हे सांगितले, शाळेत जाताना मुंबईच्या रस्त्यांवर झालेली टवाळी लोकांसमोर मांडली, आणि हिंदू म्हणून जाईन व हिंदू म्हणूनच परत येईन अशी ग्वाही दिली. त्याच वर्षी ७ एप्रिलला ती याच शहरातून आगबोटीवर चढली. ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियात तिला वैद्यकीची पदवी मिळाली, आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात क्षयाने तिचा अंत झाला. तेव्हा तिला बाविसावे वर्ष पुरे व्हायचे होते. कलकत्त्याच्या मुक्कामातही डोकेदुखी, ताप, धाप यांनी तिची पाठ सोडली नव्हती.

आता वकिलीकडे वळू. वकिलांचा मुद्दा असा, की फळ पाहा. परंतु ज्या व्यक्तीच्या नावाने हा मुद्दा मांडला जातो, तिने स्वतःच त्यावर निकाल देऊन ठेवला आहे. अमेरिकेतून पतीला लिहिलेल्या एका पत्रात आनंदीबाईंनी आपल्या बालपणाचा जमाखर्च मांडला आहे. दहाव्या वर्षी लाकडाच्या तुकड्यांनी मारणे, बाराव्या वर्षी अंगावर खुर्च्या व पुस्तके फेकणे, चौदाव्या वर्षी सोडून जाण्याची धमकी देणे, अशा सगळ्या नोंदी तीत वयासह आहेत. पत्राचा सूर आक्रस्ताळा नाही. तुमची वागणूक चांगली म्हणावी की वाईट हे ठरवणे अवघड आहे, असे ती प्रांजळपणे लिहिते. अंतिम हेतू पाहिला तर ती योग्य ठरेल, आणि एका लहान मुलीच्या मनावर काय परिणाम होईल हे पाहिले तर ती चूक ठरेल, असा तिचा आशय आहे. फळाच्या रकान्यात जमा दाखवूनही तिने माराच्या रकान्यातला खर्च खोडलेला नाही. हिशेबखात्यात आयुष्य घालवलेल्या आपल्या मंडळींना मात्र ही साधी दुहेरी नोंद जमत नाही! आपण दोन्ही रकान्यांची बेरीज करतो आणि शिल्लक गोपाळरावांच्या नावावर टाकतो.

आणि हे पत्र तिने कोठून लिहिले? अमेरिकेतून. कल्याणला, कोल्हापूरला, कलकत्त्याला हेच शब्द तिने तोंडावर उच्चारले असते तर काय झाले असते, याची कल्पना वाचकांनीच करावी. मधे समुद्र आला तेव्हा तिला बोलता आले.

“तो काळच तसा होता” हा वकिलांचा दुसरा मुद्दा. त्याला उत्तरही त्याच काळात आणि याच शहरात सापडते. आनंदीबाईंना पदवी मिळाली त्याच १८८६ साली न्यायमूर्ती रानडे हिंदुस्थान सरकारच्या वित्त समितीवर नेमले गेले आणि त्या निमित्ताने रमाबाईंसह कलकत्त्यास येऊन राहिले. रानड्यांचा छंदही काही साधा नव्हता. ज्या गावी राहायचे तेथली भाषा यायलाच हवी, या हट्टाने त्यांनी बंगाली शिकायला घेतली. इतकी, की दाढी करायला आलेल्या न्हाव्यालाच अडलेले शब्द विचारू लागले. हे दृश्य पाहून रमाबाईंना हसू आवरले नाही, आणि त्यांनी या नव्या मास्तरांवरून पतीची थट्टा केली. १९१० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या आठवणींत त्यांनी हा प्रसंग मोठ्या कौतुकाने सांगितला आहे. पुढे त्या स्वतःही बंगाली वाचू लागल्या. रानडे निर्दोष होते असे कोणी समजू नये. पत्नीचे काही चुकले म्हणजे ते बोलणे बंद करीत, आणि त्या अबोल्याचा रमाबाईंना केवढा धाक वाटे, हेही त्याच पुस्तकात आहे. तरीही त्या घरात न्हाव्याच्या प्रसंगी बायकोला हसता आले, आणि ते हसणे नवऱ्याने गोड मानून घेतले.

माझ्या मते सारा भेद येथे आहे. माणसाचा छंद उदात्त आहे की क्षुद्र, त्यातून डॉक्टर निपजतो की नुसता टपालतिकिटांचा ढीग वाढतो, यावरून काहीच ठरत नाही. जोडीदाराला त्या छंदाला हसता येते काय, हे विचारावे. येत असेल तर तो छंद. मग त्याच्याशी जुळवून घेण्याच्या शंभर युक्त्या आहेत आणि त्या सांगायला माझी गरज नाही. हसताना दाराकडे पाहावे लागत असेल, तर तो घरचा कायदा झाला. कायद्याशी कोणी जुळवून घेत नाही, तो पाळावा लागतो. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने शाब्दिक व भावनिक छळाचाही छळातच समावेश केला आहे. पण दाराकडे पाहण्याची नोंद कोणत्या ठाण्यावर होणार?

परप्रांती राहणाऱ्या आपल्यासारख्यांच्या घरी ही गोष्ट विशेष जिकिरीची होते. पुण्यात किंवा नागपुरात नवऱ्याच्या तऱ्हेवाईकपणाला दहा ठिकाणी मुरड पडते. सासू खोकते, दीर टिंगल करतो, शेजारीण भिंतीपलीकडून ऐकते, आणि दोन तासांच्या वाटेवर माहेर असते. बदलीच्या हुकुमात सामानाच्या वाहतुकीचा भत्ता असतो. पण बायकोची सुटलेली नोकरी, तिची शेजारीण, तिची भाषा यांची भरपाई कोणत्याच नियमात नाही. दोन खोल्यांच्या सरकारी सदनिकेत मग जे वेड महाराष्ट्रात ओसरीवर मावले असते, ते भिंतीपर्यंत पसरते. आणि अशा बाईला आपण मोठ्या सहानुभूतीने सल्ला देतो, “स्वभावच आहे त्यांचा, सांभाळून घ्या.” सांभाळून घेण्याचा हुकूम नेहमी त्यालाच का निघतो, ज्याचे आधीच मूळ उपटलेले असते?

‘स्वभाव’ या शब्दाने आणखी एक घात होतो. लक्ष्मीबाई टिळकांनी ‘स्मृतिचित्रां’त आपल्या वडिलांच्या सोवळ्याचे वर्णन केले आहे. सत्तावन्नच्या धामधुमीत त्यांच्या सासऱ्यांना फाशी झाली, आणि त्या धक्क्यानंतर त्यांना सोवळ्याने असे काही झपाटले, की घरात येणारे मीठसुद्धा धुऊन घ्यायचे. आपण ते वाचताना हसतो, कारण लक्ष्मीबाईंची लेखणीच तशी आहे. पण ते मीठ धुताना त्यांच्या आईला हसू येत असेल काय? आज आपण त्याला आजार म्हणू आणि त्यावर उपचार करू. अशा माणसाला ‘जरा तऱ्हेवाईक’ म्हणून झाकून ठेवले म्हणजे त्याचे औषध बुडते आणि घरच्यांचा श्वास कोंडतो.

ज्या श्रीरामपुरात आनंदीबाईंचे व्याख्यान झाले, त्या गावी हावड्याहून लोकलने पाऊण तासाच्या आत पोहोचता येते. तेथे जाणाऱ्या मराठी माणसाला विल्यम केरीची आठवण होते. १८०५ चे मराठी व्याकरण आणि १८१० चा मराठी कोश ही त्याची आपल्यावरची उपकारांची नोंद आहे. त्याच्या घरातली दुसरी नोंद आपण वाचत नाही. त्याची पत्नी डोरोथी हिंदुस्थानात यायला मुळात राजी नव्हती. १७९३ साली ती आली, पुढच्याच वर्षी तिचा लहान मुलगा आमांशाने गेला, आणि तिच्या मनाचा तोल ढळला. पतीविषयी संशयाच्या भ्रमाने ती पछाडली. १८०७ साली ती मरेपर्यंत एका खोलीत तिचा आक्रोश आणि दुसऱ्या खोलीत भाषांतरे, असा तो संसार चालला. येथे वेडी कोण आणि वेडा कोण, हे मला सांगता येणार नाही. त्या काळी तिला द्यायला औषध नव्हते, म्हणून मी केरीवर फिर्याद करीत नाही. पण आपल्या व्याकरणाची किंमत चुकवणाऱ्यांत तीही होती, एवढे तरी आठवावे.

इतके लिहिल्यावर प्रामाणिकपणासाठी माझी स्वतःची गोष्ट सांगणे भाग आहे. माझा ध्यास शुद्ध मराठीचा. कोलकात्यास आल्यापासून मी घरात असा दंडक घातला होता, की मराठी वाक्यात बंगाली, हिंदी किंवा इंग्रजी शब्द आला की एक रुपया डब्यात. माझ्या आठ वर्षांच्या मुलीने ‘आलू’ म्हटले, एक रुपया. पत्नीने शेजारणीला ‘दीदी’ म्हटल्याचे सांगितले, एक रुपया. ती येथे येण्यासाठी शाळेतली नोकरी सोडून आली होती, आणि बंगाली ती भाजीवाल्याकडून व जिन्यावरच्या बायकांकडून शिकली. रानडे न्हाव्याकडून शिकले ते थोर, आणि माझी बायको भाजीवाल्याकडून शिकली तर तिला दंड! पण ही तुलना मला तेव्हा सुचली नाही. माझे काम थोर आहे, मी परप्रांतात मायबोलीचा दिवा तेवत ठेवीत आहे, अशीच माझी समजूत होती. या वाचकवर्गात माझे जातभाई थोडे नसावेत.

जेवताना मी मुलीला विचारी, “आज शाळेत काय झाले?” ती म्हणे, “काही नाही.” दोन्ही शब्द निखळ मराठी. दंडाचे काही कारणच नव्हते. काही महिने हे उत्तर मी समाधानाने ऐकले. मग एके दिवशी कचेरीतून लवकर घरी आलो. स्वयंपाकघरात मुलगी आईला काहीतरी सांगत होती. मराठी, बंगाली, इंग्रजी यांची नुसती मिसळ. बाकावरच्या मैत्रिणीशी झालेले भांडण, मग समेट, मग बाईंनी दिलेली शाबासकी. कित्येक दिवसांत तिचा एवढा आवाज मी ऐकला नव्हता. माझ्या चपला दाराशी वाजल्या आणि बोलणे थांबले. पत्नीने वळून दाराकडे पाहिले.

मी तिच्यावर हात उगारला नव्हता, खुर्ची फेकली नव्हती, धमकी दिली नव्हती. एक रुपयाचा डबा ठेवला होता आणि तोही मायबोलीच्या नावाने. गोपाळरावांची वकिली करणाऱ्यांना उत्तर देताना माझी जीभ त्या संध्याकाळी का अडखळली, याचे चौथे कारण ते होते.

दंडाचा नियम मी रद्द केला, पण डबा फडताळात तसाच राहिला. मुलगी मोकळी व्हायला बरेच दिवस लागले. अजूनही भरात बोलता बोलता ती एखाद्या शब्दापाशी थबकते आणि माझ्याकडे पाहते. या लेखाचा कच्चा मसुदा काल रात्री पत्नीने वाचायला घेतला. आनंदीबाईंच्या पत्रापाशी ती बराच वेळ थांबली, काही बोलली नाही. पुढे वाचता वाचता मात्र ती हसू लागली, आणि हातात पेन्सिल घेऊन कागदावर खुणा करू लागली. ‘टपालखाते’ लिहिणाऱ्याने ‘कॉलेज’ कसे लिहिले, आणि ‘लोकल’ला मराठी शब्द नाही काय, असे तिने विचारले. मोजणी संपल्यावर तिने फडताळातला डबा काढून माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाली, “अहो, सात रुपये झाले. सुटे आहेत ना?”